तांबडीच्या पंखाखाली

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही.

आज एसटी स्टँडवर पार्सलच्या खिडकीपाशी भोकं पाडलेलं एक खोकं दिसलं. आतून चिवचिव येत होती. एका भोकात पिवळी लव अडकून वाऱ्यावर हलत होती. मी बघत राहिलो.

असंच पिल्लांचं खोकं मीही एकदा मागवलं होतं. पिल्लांना ऊब हवी, म्हणून शेजारच्या मंदावहिनींकडे त्यांची उबवायला खुडूक बसलेली कोंबडी मागितली.

"न्या की भाऊजी," त्या हसल्या. "पार्सलची असली तरी पिल्लंच ना? माझी तांबडी काय त्यांना गाव विचारणार आहे?"

खोक्यातली दोन पिल्लं मान टाकून पेंगत होती. प्रवासाचा शीण असेल, असं मी स्वतःला समजावलं आणि दिवेलागणीला सगळीच तिच्याखाली सरकवली. तिनं पिसं फुलवली, घशातल्या घशात कुरकुरली. चिवचिव हळूहळू मावळली. परसावर कुणी दुलई ओढावी तशी. ऊब देणारा जीव किती उघडा असतो! पोटाशी घेताना तो काहीच निवडत नाही. पेंगणारी पिल्लं निवडून बाजूला काढायला हवी होती ती मी.

आठवड्याभरात पिल्लं गेली, मग तांबडी, मग वहिनींचं सगळं खुराडं.

"माझीच दृष्ट लागली हो तिला," त्या म्हणाल्या. मीही मान डोलावली.

तेव्हापासून कुणाच्या दारात पिल्लं दिसली की वहिनी नजर दुसरीकडे वळवतात.

मी त्यांना एक वाक्य देणं लागतो: वहिनी, रोग माझ्या खोक्यातून आला होता.