आभाळातून डास बघणारा साहेब

किस्से कसे साठतात सांगू? चुलीतल्या राखेसारखे. रोज काढा, रोज हायच! त्या मलेरियावाल्यांचे तर इतके, का सांगून मी दमले, ते काय सरत नाय.

नव्वदच्या पुढची गोष्ट. कासूपासून खाडीकडं आमचं गाव. दर पावसाळ्यात अर्धं गाव गोधडीत कुडकुडायचं. तिथं मुंबईचा एक साहेब आला. सॅटेलाईटचे फोटो बघून कुठल्या गावात हिवताप येणार, ते आधीच सांगायचा. सोबत रोह्याचा गजाभाऊ, बोटाला सुई टोचून रक्त घेणारा. दोघांच्या भाकऱ्या माझ्याकडं. माझी शाळा तिसरीपर्यंत, पण थट्टेत मी मॅट्रिकच्या पुढं!

*

पहिल्याच दिवशी साहेबानं फोटो भिंतीला लावला. सगळा लालभडक! शेजारची सोनाय ओरडली, "गो बाय, गाव पेटला काय?"

"नाही हो मावशी. हिरवी झाडं, भातशेती, ते सगळं या फोटोत लाल दाखवतात."

मी म्हटलं, "मग ठेच्याला मिरची कंची घेऊ साहेब? हिरवी वाटली तर तुमाला लाल दिसंल!"

गजाभाऊच्या नाकातनं चहा आला.

*

सोनायची म्हैस हरवली. दोन दिवस सगळे बांध तुडवून बाई आली साहेबाकडं. "तुमच्या फोटूत बघा जरा."

"मावशी, यात म्हैस दिसत नाही. तुमचं अख्खं शेत म्हणजे एवढुसा ठिपका."

"येवढासा डास दिसतो नि माझी येवढी म्हैस दिसत नाय?"

साहेबानं कपाळाला हात लावला. "डासही दिसत नाहीत. पाणी दिसतं. त्यावरून आम्ही अंदाज बांधतो."

"मंग पाण्यातच बघा," सोनाय बोलली. "ती तितंच बसते!"

*

एकदा गजाभाऊ बोलून गेला, "उद्या सॅटेलाईट आपल्यावरनं जाणार." झालं! मी बायकांत उठवून दिलं, उद्या आपला फोटो हाय.

सकाळी सगळ्या बांधावर. इस्त्रीची लुगडी, अबोलीचे गजरे, माना वर. सोनाय तर नथ घालून! आणि आभाळ? काळंकुट्ट भरलेलं.

साहेब आला, वर बघितलं नि मटकन बांधावर बसला. "पावसाळ्यातच फोटो पाहिजे, आणि पावसाळ्यातच ढग. ढगातून काही दिसत नाही."

सोनाय नथ काढत बोलली, "डास बरे. ते ढगातनं पन येतात."

सगळ्या हसल्या, मी पण. मग घरी आले नि पेटीतनं गोधड्या काढून ठेवल्या. तापाचे दिवस आलेच होते.

*

शेवटी नकाशा झाला. यात लाल म्हणजे तापाचा धोका जास्त, तिथं डास मारायच्या फवारणीचा पंप आधी. आमचं गाव पिवळं!

माझ्या सुनेला, मंदाला, आठवा महिना लागलेला. आदल्या पावसाळ्यात तिला असाच हिव भरला नि पोटातलं गेलं. तेव्हा तपासायला रक्त कुणी दिलंय? आमची माणसं सुईला भितात, मेडिकलची गोळी खातात. त्यामुळं सरकारदरबारी आमच्या गावात तापच नाय, म्हणून नकाशात पिवळं.

मी साहेबाला म्हटलं, "पंप पाठवा."

"आजी, नकाशात तुमच्याकडे धोका कमी आहे. रक्तात जंतू सापडलेला एक जरी माणूस निघाला, तर लगेच पाठवतो."

यंदा अजून कोण तापला नव्हता. मग काय, मंदा तापायची वाट बघू?

मी हसले. "धोका कमी हाय ना? मग झोपा की आठवडाभर माझ्या पडवीत. मच्छरदाणी नको हां!"

गजाभाऊ माझ्याकडं डोळे वटारून बघत होता. पण साहेब शब्दाचा पक्का. "झोपतो," म्हणाला, नि झोपला. त्याची मच्छरदाणी मी मंदाच्या खाटेला बांधली.

पंधरवड्यानं साहेब त्याच पडवीत, माझ्या दोन गोधड्यांखाली, दात वाजवत. गजाभाऊनं साहेबाचंच बोट टोचलं. रक्ताची काच रोह्याला तपासायला जाऊन आली. मलेरिया!

गजाभाऊ पेन काढून बसला. "साहेब, पत्ता मुंबईचाच लिहू ना?"

साहेबानं गोधडीतनं तोंड बाहेर काढलं.

"अरे गाढवा, मुंबईचा लिहिलास तर पंप मुंबईला जाईल! आजीच्या पडवीचा लिही!"