काट्यावरचे वामनभाऊ

कोळशाचा रिकामा ट्रक वजनकाट्यावर चढला की वामनभाऊ आधी त्याच्याखाली वाकून बघत. दगड लपवून रिकाम्या गाडीचं वजन वाढवायचं आणि नंतर ते दगड काढून तेवढा जास्तीचा कोळसा न्यायचा, असे प्रकार त्यांनी दोनदा पकडले होते. वणीजवळच्या खाणीवर मी त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं कारकून होतो. ते म्हणत, "माणूस खोटा नसते रे सुरेश. पण तपासल्याबिगर खराही नसते."

निवृत्तीनंतर ही नजर घरावर वळली. सुनेने दिलेली गोळी ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडून मगच घेत. त्यामुळे लघवीतून रक्त आलं तेव्हा त्यांनी पहिला संशय त्या गोळ्यांवर घेतला. महिनाभर कोणाला सांगितलं नाही. दुखत नव्हतं, म्हणून काही नसेल, असंही मनात होतंच. शेवटी मला सांगितलं, तेही अंगणात, मागचं दार लोटून.

यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी मूत्राशयाची दुर्बिणीतून तपासणी करायला सांगितली. त्या माझ्या मुलीच्या वयाच्या. वामनभाऊ माझ्याकडे बघत म्हणाले, "नळी कुठून टाकतात, इचार त्यायले."

बाईंनीच उत्तर दिलं. "लघवीच्या वाटेनं, काका. नळी बारीक असते, वाकते. आधी बधिर करणारं जेल घालते. लघवी लागल्यासारखं वाटेल. अंग ढिलं सोडलं तर त्रास कमी होतो."

"अन् काही नसलं, तरी तुम्ही काहीतरी काढानच."

बाई रागावल्या नाहीत. "पडदा तुमच्याकडे वळवून ठेवते. तुम्हीच बघा."

साक्षीदार म्हणून मलाही आत नेण्याचा हट्ट त्यांनी पुरा करून घेतला. ते उताणे पडले, मुठी आवळून. नळी आत जाताना "आई वं" एवढंच म्हणाले. पडद्यावर गुलाबी भिंत दिसली, तिच्यावर बारीक शिरा, आणि एका कोपऱ्यात शेवाळासारखा झुबका. बाई तिथेच थांबल्या.

"हे माह्यंच व्हय कशावरून?" वामनभाऊंनी विचारलं.

"खोका बरं, काका."

ते खोकले. चित्र हललं. पुन्हा खोकले, पुन्हा हललं. मग त्यांच्या मुठी सुटल्या. "माह्यंच हाय," ते हळूच म्हणाले.

दोन दिवस जळजळ झाली, लघवी लालसर आली. भरपूर पाणी प्या, ताप आला किंवा लघवी अडली तर लगेच या, असं बाईंनी बजावलंच होतं. पुढे तो झुबका काढला. कर्करोगच निघाला, पण वरच्या थरातला, खोल न गेलेला. त्यानंतर ठरलेली एकही तपासणी त्यांनी चुकवली नाही.

आमच्याकडे पुरुष असलं दुखणं लपवतात. वामनभाऊंचं कानावर गेल्यावर एकेक जण त्यांच्याकडे येऊ लागला. ते काहीच गोड करून सांगत नसत. "लाज वाटते. मंग जळते. मी घड्याळ पाह्यलं, आठ मिंटं लागतात. रगत दिसलं असन त उद्याच जा."

मागच्या उन्हाळ्यात वामनभाऊ गेले, हृदयविकाराने. मोक्षधामात एक निवृत्त मास्तर माझ्या शेजारी उभे होते. ते म्हणाले, "मलेही त्यायनंच धाडलं होतं तपासाले. दुसऱ्या कोणी सांगतलं असतं, त मी गेलो नसतो."