पाण्यात घातलेली रुई

बाबा एका सोमवारी गेले. तेरावं झाल्यावर मी त्यांची बंडी धुतली. आजोबांच्या काळची, रुई भरलेली, बाजूला बंद बांधायची ती बंडी बाबा दर हिवाळ्यात घालत. मी त्यांची तेवढीच वस्तू मागून घेतली होती. वाळल्यावर आतल्या रुईचे गोळे झाले.

यवतमाळच्या एका म्हाताऱ्या शिंप्याकडे ती नेली. त्यांनी बंडी चाचपली, मग माझ्या काखेतल्या पुस्तकाकडे पाहिलं.

"एवढं वाचता भाऊ, अन् रुईले पान्यात घालता? तिले पिंजा लागते."

"नीट होईल का चाचा?"

ते शिवण उसवू लागले आणि एकदम उठून उजेडात गेले. "हे टाके पाहा. हातचे हायेत. अब्बा असेच घालत. मले वाटलं, आता पाहाले भेटतच नाही."

रुई कमी पडणार होती. त्या साली भाव नसल्याने बाबांनी वेचलेला कापूस घरीच पडून होता. मी धावत जाऊन पिशवीभर आणला. आम्ही दोघांनी बोटांनी सरकी काढली. जुनी-नवी रुई त्यांनी एकत्र पिंजली. आठवड्याने माझ्या अंगावर स्वतः बंद बांधत म्हणाले, "आता पडू द्या थंडी."

चाचांचं नाव विचारायचं राहिलं. बंडीला बाबांचा वास उरलेला नाही. त्यांचा कापूस आहे.