महाराजांसाठी मांडलेलं आसन

हे लिहावं की नाही, याचा निर्णय होत नव्हता म्हणून बरीच वर्षं गप्प राहिलो. असे अनुभव सांगताना माणूस नकळत स्वतःला भाग्यवान ठरवून मोकळा होतो. माझ्या या अनुभवात माझ्या वाट्याला भाग्यापेक्षा अपराध अधिक आला आहे. पण आता वय झालं, आणि ज्यांचा अपराध केला ते माझे वडील आज नाहीत. निदान लिहून तरी मोकळं व्हावं.

आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. आजोबा संस्थानच्या नोकरीत, वडील मोजणी खात्यात. वडिलांना सगळी गल्ली अण्णा म्हणायची, गुजराती शेजारी अण्णाकाका. घरात दत्ताची उपासना. दर वर्षी दत्तजयंतीच्या आधी सात दिवस पोथीचं पारायण व्हायचं. पन्नास वर्षं अण्णांनी ते एकदाही खंड न पाडता केलं. त्यांचे डोळे अधू झाल्यावर वाचन माझ्याकडे आलं. आमच्याकडे पारायणाचा एक नियम आहे. वाचणाऱ्याच्या समोर एक स्वच्छ आसन मांडून रिकामं ठेवायचं, कारण महाराज स्वतः ऐकायला येतात. त्या आसनाला कोणी पाय लावायचा नाही, त्यावर कोणी बसायचं नाही. आणि वाचायला बसल्यावर त्या दिवसाचं वाचन संपेपर्यंत बोलायचं नाही, उठायचं नाही. हे नियम मी फार कसोशीनं पाळत असे. त्याचा मला थोडा अभिमानही होता.

वाचन माझ्याकडे आल्यानंतर अण्णांनी एक नवीनच सुरू केलं. सत्तरी ओलांडलेला हा माणूस सकाळी पूजा आटोपून, काठी घेऊन बाहेर पडायचा आणि दुसऱ्यांच्या देवांकडे जायचा. चातुर्मासात मांडवीकडच्या जैन उपाश्रयात व्याख्यान ऐकायचा, रविवारी फतेगंजातल्या चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायचा, गुरुवारी संध्याकाळी घरची आरती झाली की पाणीगेटच्या बाजूच्या एका दर्ग्यात. एकदा पारशांच्या अग्यारीलाही जाऊन आले. “आत घेत नाहीत आपल्याला,” घरी आल्यावर सांगू लागले, “पण बाहेर बाक आहे. बाकावर बसूनही बरं वाटलं.” कोपऱ्यावरचा पानवाला त्यांना बघून रोज हाक मारायचा, “अण्णाकाका, आजे कया भगवाननो वारो?” म्हणजे आज पाळी कुठल्या देवाची. अण्णा हसून म्हणायचे, “जेनो दरवाजो खुल्लो होय एनो!” ज्याचं दार उघडं असेल त्याची. सगळे हसायचे. मी तेवढा मान खाली घालून स्कूटर काढायचो.

मी त्यांच्याशी पुष्कळ वाद घातला. आपलं काय कमी आहे म्हणून दुसऱ्यांकडे जायचं, असं विचारलं. त्यावर एकदा ते म्हणाले, “अरे, एका जागी उभं राहून गावाचा नकाशा होत नाही. मोजणीची साखळी ओढत शिवेपर्यंत चालावं लागतं. फक्त एक आहे, जिथून सुरुवात केली त्याच खुंटावर परत यायचं. तिथे येऊन आकडे जुळले तर मोजणी खरी.” मी म्हटलं, “देव म्हणजे काय जमीन आहे का?” तर म्हणाले, “नाही ना. म्हणून तर चालायला एवढा वेळ लागतोय.” दुसऱ्याच्या घरी जेवलो म्हणून मी काही त्या घरचा होत नाही, असंही ते एकदा म्हणाले होते. मला तेव्हा हे सगळं म्हातारपणचं बोलणं वाटायचं.

मग नव्वदच्या दशकात सगळं बदलू लागलं आणि माझी कंपनी बंद पडली. बाहेरचा माल स्वस्तात येऊ लागला, आमची जुनी यंत्रं त्याच्यापुढे टिकेनात. बावीस वर्षं ड्रॉइंग बोर्डवर काढलेला माणूस मी, चव्वेचाळिसाव्या वर्षी घरी बसलो. जिथे अर्ज करावा तिथे कॉम्प्युटर येतो का, हा प्रश्न. मी रोज दत्तापुढे बसायचो आणि उत्तर येत नव्हतं. अशा वेळी माणसाला कोणीतरी दोषी लागतो. श्रावणातल्या एका रविवारी अण्णा चर्चमधून आले, पायरीवर बसून बूट सोडत होते, आणि मी माझ्या बायकोसमोर, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांना म्हणालो, “तुमच्या या दारोदार फिरण्यानं महाराज आपल्या घरावर रुसलेत. पन्नास वर्षांचं पुण्य तुम्ही घालवलंत. आता तरी थांबा.” अण्णांनी एक बूट काढला होता, एक पायातच होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “बरं.”

एवढंच. त्या दिवसापासून ते कुठेही गेले नाहीत. मला वाटलं होतं ते भांडतील, मग समजूत पटेल. ते भांडले नाहीत. खिडकीतल्या खुर्चीत बसून राहू लागले. जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी. चार महिन्यांत पाय इतके थकले की संडासला जातानाही सुधा, म्हणजे माझी बायको, त्यांचा हात धरायची. कधी वार विसरायचे, कधी मला माझ्या काकाच्या नावानं हाक मारायचे. सुधा एकदा म्हणाली, “अहो, त्यांना एकदा फिरवून आणा ना कुठेतरी.” मी ऐकलं नाही. मला नोकरीसाठी त्या वर्षीचं पारायण अगदी निर्दोष व्हायला हवं होतं.

सातवा दिवस. सकाळी सहाला मी वाचायला बसलो. समोर रिकामं आसन, त्यावर एक फूल. स्वयंपाकघरात सुधा सोवळ्यात नैवेद्याचं करत होती. आठच्या सुमारास अण्णा दारात येऊन उभे राहिले. नजरेच्या कोपऱ्यातून दिसलं ते एवढंच, धोतर, कोट, डोक्यावर ठेवणीतली टोपी. हातात काठी नव्हती. “येतो रे जरा,” ते म्हणाले. मला बोलायचं नव्हतं. वाचनात व्यत्यय आला म्हणून राग आला होता. मी वर न बघता, पोथीवरचा डावा हात उचलून झटकला. माशी हाकलतात तसा. जा, असा. ते क्षणभर थांबले असावेत, कारण सावली थोडा वेळ उंबऱ्यावर होती. मग ती गेली.

तासाभरानं सुधा दाराशी आली. “अण्णा घरात नाहीत. खालीसुद्धा नाहीत.” मी ऐकलं. अजून चार अध्याय बाकी होते. खरं ते लिहितो : मी उठलो नाही. मी भरभर वाचू लागलो. तोंडानं देवाची लीला वाचत होतो आणि मनात हिशेब चालला होता, की काठीशिवाय गेलेत, म्हणजे लांब जाणार नाहीत, आता उठलो तर सात दिवस फुकट. जवळजवळ दीड तास मी असा वाचत बसलो. शेवटचा अध्याय संपवून नमस्कार केला तेव्हा कोपऱ्यातल्या काठीकडे लक्ष गेलं.

सोवळ्यावरच शर्ट चढवून स्कूटर काढली. कुठे जायचं हे मला शोधावं लागलं नाही. ज्या ज्या जागी जाऊ नका म्हणून सांगितलं होतं, तेवढ्याच जागा मला ठाऊक होत्या. आधी उपाश्रय. तिथे एक वृद्ध श्रावक पायऱ्यांवर बसले होते. “अण्णाकाका? चार महिनाथी आव्या नथी. तबियत सारी छे ने?” आणि मी कोण हे कळल्यावर ते उठून उभे राहिले. म्हणाले, ते त्या खांबाला टेकून बसायचे, आम्ही अजून ती जागा सोडून बसतो. मग फतेगंज. चर्चचा रखवालदार फाटकातच भेटला. तिथेही अण्णा आलेले नव्हते. पण मी मुलगा आहे म्हटल्यावर त्या माणसाचा चेहरा उजळला. “पोथी वाचतात ते तुम्हीच का? अण्णाकाका सगळ्यांना सांगायचे, माझ्या मुलाचा आवाज ऐका एकदा, मला आयुष्यभर वाचून तसा आवाज सापडला नाही.” ज्या बाकांवर बसून माझा बाप देव बदलतो आहे असं मला वाटत होतं, तिथे बसून तो माझं कौतुक करत होता.

दर्ग्यात मी त्याआधी कधीच गेलो नव्हतो. बाहेर फुलांच्या टोपल्या घेऊन एक बाई बसली होती. मी तसाच आत निघालो तेव्हा ती म्हणाली, “भाई, सर तो ढाँको,” आणि स्वतःजवळचा रुमाल पुढे केला. आत चारपाच माणसं होती, अण्णा नव्हते. आता पुढे जायला जागा उरली नव्हती. मी तिथेच भिंतीशी उभा राहिलो. हात जोडले आणि नेहमीचा मंत्र म्हणू लागलो, तर तो आठवेना. सात दिवस, दिवसाचे पाच पाच तास वाचलेलं एक अक्षर आठवेना. मग मी काहीच म्हटलं नाही. फक्त मनातून सोडून दिलं. नोकरी नको, पारायणाचं फळ नको, माझं बरोबर होतं हेही नको, एवढा एक माणूस परत दे. कोणाला म्हणालो ते मला सांगता येणार नाही. त्या क्षणी समोर नाव नव्हतं.

बाहेर येऊन रुमाल परत दिला, तेव्हा बाईनं माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, “किसे ढूँढ रहे हो?” मी टोपी, कोट सांगितला. “अरे, वो मराठी दादा? सुबह आए थे. यहीं बैठ गए, पाँव काँप रहे थे. बोले, आज मेरे घर परसाद है, सबको बुलाने निकला हूँ, पर अब चला नहीं जाता. एक आदमी रिक्षा में ले गया घर.” कोण माणूस? तिला ठाऊक नव्हतं. “कोई भला आदमी था.”

मी जिना चढून आलो तेव्हा दार उघडं होतं. अण्णा त्या आसनावर बसले होते. महाराजांच्या आसनावर. पाय पुढे पसरलेले, सुधा कोमट पाण्यानं ते धूत होती, आणि फूल त्यांनी हातात धरून ठेवलं होतं. सुधा रडत रडत सांगू लागली. दाढीवाला, चाळिशीचा, खांद्यावर चौकड्यांचा पंचा असलेला एक माणूस अण्णांना दोन्ही हातांवर उचलून वर घेऊन आला. “कहाँ बिठाऊँ?” म्हणून विचारलं, आणि तिचे हात पुरणाचे, ते धुवायला ती वळली. त्यानं खोलीभर बघितलं आणि जे आसन मांडलेलं होतं त्यावर त्यांना बसवलं. तिनं जेवायला थांबा म्हटलं. तो फक्त पाणी प्यायला. “अब इनको अकेला मत भेजना,” म्हणाला आणि गेला.

मी धावत खाली गेलो. पानवाल्यानं गिऱ्हाइकांच्या गर्दीत काही पाहिलं नव्हतं. पुढे कितीतरी गुरुवार मी त्या दर्ग्यात जाऊन चौकशी केली. तो माणूस सापडला नाही. एखादा रिक्षावाला असेल, हातगाडीवाला असेल. मला काही सिद्ध करायचं नाही. आमच्या परंपरेत महाराज फकिराच्या वेशात येतात असं लहानपणापासून सांगतात, आणि मी ते वर्षानुवर्षं भक्तीनं ऐकत आलो होतो, एवढंच नमूद करतो.

वर आल्यावर अण्णांनी माझ्याकडे जरा भीतच बघितलं. माझ्या बापाच्या डोळ्यांत माझी भीती होती, हे मी विसरू शकत नाही. “चुकून बसलो रे आसनावर,” ते म्हणाले. “उठतो.” मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. पाणी माझ्या कपाळाला लागलं. बऱ्याच वेळानं त्यांचा हात माझ्या पाठीवर आला. “बघ, आलो की नाही मूळ खुंटावर,” ते म्हणाले. मी नैवेद्याचं ताट आणलं आणि त्या आसनासमोर ठेवलं. महाराजांना एक आणि अण्णांना एक, अशी दोन ताटं वाढायची गरज मला वाटली नाही.

त्यानंतर अण्णा दोन वर्षं होते. मी त्यांना स्कूटरवरून सगळीकडे नेत असे. सुरुवातीला बाहेर थांबायचो, मग त्यांच्या शेजारी बसू लागलो. नोकरीचं म्हणाल तर चमत्कार झाला नाही. वर्षभरानं बडोद्यातच अकोट्याच्या बाजूला एका लहान कारखान्यात पहिल्यापेक्षा हलकं काम मिळालं आणि त्यावरच निवृत्त झालो. मी आजही एकाच पोथीचा माणूस आहे. अण्णांसारखं शिवेपर्यंत चालण्याचं बळ माझ्यात नाही. पण जो चालतो तो घर सोडून जातो, असं आता मला वाटत नाही. ज्याचा खुंट पक्का रोवलेला असतो, त्यालाच लांब जाता येतं. कच्चा होता तो माझा खुंट, म्हणून भीती मला वाटत होती.

पारायण दर वर्षी होतं. आसन मांडतो, फूल ठेवतो. फरक एकच. ज्याच्यासाठी हे आसन मांडतो तो दारात आला असताना मी एकदा वर न बघता हात झटकला होता. म्हणून आता वाचताना दार उघडं ठेवतो. आणि दारात कोणाचीही सावली पडली, मग शेजारी असो, कुरियरवाला असो, जाणते लोक हे नियमात बसत नाही असं म्हणोत, मी पोथीत मोरपीस ठेवतो, आणि उठतो.