उजव्या दांडीवरचं सुकाणू

डिसेंबरचा पहिला रविवार, सकाळी साडेनऊ. ठिकाण: उधव्याच्या अलीकडचं छोटं तळं. हजर: बाबा, आई, इंजिनवाले काका, आमच्या शाळेतल्या शिपाई मावशी आणि मी. गैरहजर: भाऊ, नेहमीप्रमाणे. सामान: होडी एक, रिमोट एक, भरलेल्या बॅटऱ्या दोन, पेचकस, चिकटपट्टी, जुने टॉवेल तीन, चहाचा थर्मास, बाबांची घडीची खुर्ची, बाबांच्या गोळ्या.

ही नोंद माझ्या वहीत आहे. मी तलासरीच्या एका शाळेचं ऑफिस सांभाळते आणि घरी डहाणूला आल्यावर घराचं ऑफिस सांभाळते. यादी केली की दमणूक कमी होते असं मला पूर्वी वाटायचं. आता एवढंच कळलंय की यादीमुळे दमणूक ओळीत लागते.

बाबा तांडेल होते. मासेमारीच्या बोटीवर सुकाणू ज्याच्या हातात, तो तांडेल. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सहा महिन्यांत बराचसा परतला, बोलणंही परतलं, हात तेवढा राहिला. व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "हात मेलेला नाहीये, ताई. ते वापरतच नाहीत. अजून काही महिने असाच मांडीवर पडून राहिला, तर मग खरंच जाईल." तेव्हापासून माझ्या वहीत रोज सकाळी एक ओळ असते: उजवा हात, वीस मिनिटं. मी त्यांना रबरी चेंडू दिला, तो त्यांनी उशीखाली ठेवला. तांदळाच्या परातीत बोटं फिरवायला सांगितलं, तर म्हणाले, "मी काय आता तांदूळ निवडू?" हातावर ते कायम पंचा टाकून बसतात. बंदरावर गेले नाहीत ते त्या दिवसापासून. तिथे सगळे ओळखतात.

होडीची कल्पना काकांची. काका बाबांच्या बोटीवर चाळीस वर्षं इंजिन बघायचे. आमच्या कपाटात बाबांनी केलेली सागाची होडी होती, हातभर लांब, त्यांच्याच बोटीची हुबेहूब नक्कल. पावसाळ्यात बोटी ओढून ठेवल्या की त्यांचे हात शिवशिवायचे, तेव्हा कोरलेली. काकांनी ती एक दिवस खाली काढली, उलटी करून वाजवली आणि म्हणाले, "तांडेल, पोकळ आहे की ही. मोटर बसेल."

"बसव. मी काय करू?" बाबा म्हणाले.

"तू काय करणार? चालव."

काकांनी मोटर, पंखा आणि सुकाणू बसवायचं ठरलं. रिमोट निवडायचं काम माझ्याकडे आलं. निवडायची कामं आमच्या घरी माझ्याकडेच येतात.

मी पंधरा दिवस वाचलं, व्हिडिओ पाहिले आणि यादी केली. रिमोट दोन जातींचे. एक पिस्तुलासारखा, त्याला घोडा आणि बाजूला चाक. गाड्या आणि होड्यांसाठी बहुतेक लोक हाच घेतात. पण तो एका हाताने धरायचा आणि दुसऱ्याने चाक फिरवायचं. बाबांचा उजवा हात काहीच धरू शकत नव्हता, त्यामुळे तो बाद. दुसरा दोन दांड्यांचा. तो गळ्यातल्या पट्ट्याला अडकवता येतो किंवा मांडीवर ठेवता येतो, धरावा लागत नाही. यातही गोम होती. कुठली दांडी काय करणार हे आपल्याला ठरवता येतं. वेग आणि सुकाणू दोन्ही डाव्या दांडीवर घेतले, की बाबांना उजवा हात लागणारच नाही.

बाबांना ते बरोबर कळलं. "सगळं डाव्यावर घे, बाय. सोपं पडेल."

मी सुकाणू उजव्या दांडीवर घेतलं.

वापीच्या दुकानदाराला मी सगळं समजावून सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "बेन, होडीला स्प्रिंगवाली दांडी घ्या, सोडली की मधे येते, होडी थांबते." त्याचं बरोबर होतं. पण मला वेगाची दांडी जिथे ठेवली तिथेच राहणारी हवी होती. वेग एकदा लावला की बाबांचा डावा हात मोकळा होईल आणि उजव्या मनगटाला खालून आधार देईल, असा माझा हिशेब. उजव्या दांडीला मात्र स्प्रिंग. हात थकला, सुटला, तरी सुकाणू आपलं सरळ. दुकानदाराने खांदे उडवले. विमानवाला सेट दिला, त्यात वेगाची दांडी ठेवाल तिथेच राहते.

मग जुळणी. रिमोटचे सिग्नल पाण्यातून जात नाहीत, म्हणून ते पकडणाऱ्या रिसीव्हरची तार मी डोलकाठीच्या नळीतून वर काढली. रिसीव्हर ओला होऊ नये म्हणून घट्ट झाकणाचा डबा हवा होता.

"माझा लोणच्याचाच डबा दिसला तुम्हाला?" आई म्हणाली.

"वहिनी, तुमच्या लोणच्याला कधी पाणी सुटलंय का? म्हणून तर," काका म्हणाले.

शेवटी बाइंड करायचं, म्हणजे रिमोट आणि रिसीव्हरची एकमेकांशी ओळख करून द्यायची. रिमोटचं एक बटण दाबून धरायचं आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने खटका चालू करायचा. दोन मिनिटांचं काम. मी ते गुरुवारी जेवणं झाल्यावर टेबलावर केलं. त्या दिवशी शाळेत तपासणी होती आणि आईचा गुडघा सुजला होता. आधी बाबा नुसतीच डावी दांडी वरखाली करून बघत होते. ती अर्ध्यावर राहिली होती. माझं लक्ष नव्हतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. सिग्नल तुटला तर होडीने काय करायचं, हेही रिसीव्हर लक्षात ठेवतो. आमचा सेट ते बाइंड करतानाच शिकतो. त्या क्षणी दांड्या जिथे असतील, तेच त्याचं संकटातलं उत्तर. त्यामुळे वेगाची दांडी शून्यावर असायला हवी, आणि नंतर रिमोट बंद करून मोटर थांबते का, ते पाहायला हवं. माझ्या यादीत ही शेवटची ओळ होती: रिमोट बंद करून तपासणे. मी तिच्यापुढे बरोबरची खूण केली. तपासलं नव्हतं. इतकी वर्षं याद्या करतेय, पण न केलेल्या कामापुढे खूण मी पहिल्यांदाच केली. का केली, हे मला विचाराल तर उत्तर एवढंच आहे की ती ओळ केली की पान संपत होतं.

काकांना होडी डहाणूच्या खाडीत सोडायची होती. मी ओहोटीची ओढ आणि खारं पाणी अशी कारणं दिली. खरं कारण पंचा. म्हणून तासाभराचा रस्ता करून मावशींच्या पाड्याजवळचं तळं. एका बाजूला दगडी बांध, दुसऱ्या टोकाला पाणकणसाचं बेट. माणसं नाहीत. मावशी बांधावर बसून होत्या. "पाणी कंबरेएवढं. बुडली तरी सापडंल," म्हणाल्या.

काकांनी होडीला हळदकुंकू लावलं, आईने झेंडूचं एकच फूल नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, ठेवलं. हार नको, धागा पंख्यात जाईल, हे मी आधीच बजावलं होतं. आधी रिमोट चालू, मग होडी. बंद करताना उलट, आधी होडी, मग रिमोट. हेही मी सगळ्यांना दोनदा सांगितलं. सगळ्यांनी मान हलवली.

बाबा खुर्चीत बसले. मी रिमोट मांडीवर ठेवून पट्टा गळ्यात घातला. त्यांनी डाव्या हाताने दांडी थोडी पुढे केली. होडी निघाली. ती सरळ गेली, आणि सरळच चालली, पाणकणसाकडे.

"वळव की," काका म्हणाले. "का गुजरातेत, जाफराबादला नेतोस?"

बाबांचा डावा हात उजव्या दांडीकडे यायला निघाला. मी म्हटलं, "बाबा, तो नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर चांगली नव्हती. मग डाव्या हाताने पंचा बाजूला केला, उजवा हात उचलून रिमोटवर ठेवला, वस्तू ठेवावी तसा. अंगठा दांडीला टेकला. थोडा वेळ काहीच झालं नाही. आणि होडी वळली. फार नाही, पण वळली.

पुढच्या दहा मिनिटांत दोन फेरे झाले. होडी मोठा, वाकडा फेरा घेऊन आली. दुसरा फेरा कमी वाकडा. काका खुर्चीला लागून उकिडवे बसले होते, बोटीवर बसायचे तसे. "अजून घे. अजून. आता सोड." आई तोंडाला पदर लावून उभी. मी घड्याळ बघत होते, कारण वीस मिनिटं पूर्ण व्हायला हवी होती.

तिसऱ्या फेऱ्याला बाबांनी होडी बांधाला समांतर घेतली. मला लगेच कळलं ते काय करतायत. लहानपणी शेकडो वेळा पाहिलंय. धक्क्याला लागायच्या आधी तांडेल इंजिन बंद करायला सांगतो आणि उरलेल्या वेगावर बोट अलगद आणून टेकवतो. धक्का बसला तर तांडेल कच्चा.

बाबा खड्या आवाजात म्हणाले, "बंद!"

आणि काकांनी बंद केलं. हात पुढे करून रिमोटचा खटका खाली ओढला. चाळीस वर्षं तो शब्द ऐकला की त्यांचा हात जातो, तो गेला.

होडी थांबली नाही. गुरुवारी रात्री टेबलावर मी तिला जे शिकवलं होतं तेच तिने केलं. अर्ध्या वेगाने, सुकाणू सरळ, बांधाच्या कडेने आमच्यासमोरून सूं करून निघून गेली.

"अरे, बंद म्हटलं ना!" बाबा ओरडले.

"केलंय बंद! आईशप्पथ केलंय!"

मी पुढे झाले, पट्ट्याचा आकडा सोडवला आणि बाबांच्या हातातून रिमोट घेतला. घेतला म्हणजे ओढला. तो सुटेना. उजव्या हाताची बोटं रिमोटच्या कडेला घट्ट धरून होती. मी ती एकेक करून सोडवली, अंगठा शेवटी. खटका चालू केला, तर रिमोट किंचाळायला लागला. बाइंड करताना नाही, पण एरवी वेगाची दांडी शून्यावर आणल्याशिवाय तो सिग्नलच सोडत नाही, हेही मी वाचलेलं होतं. दांडी खाली घेतली तोवर होडी पाणकणसात शिरली होती आणि पंख्याला गवत गुंडाळलं होतं.

मावशींनी लुगडं खोचलं आणि पाण्यात उतरल्या. कोंबडी धरावी तशी होडी बगलेत मारून आल्या. फूल अजून नाळेवर होतं. "ही तुमची जिद्दी हाय," म्हणाल्या.

काका एकदम म्हातारे दिसायला लागले होते. "तांडेल, माझीच चूक."

"तुझी नाही," बाबा म्हणाले. "मी बंद म्हटलं, तू बंद केलं." पंचा हातावर परत टाकलेला होता.

मी चूक माझी आहे, असं सांगितलं. बाइंड, दांडी, खोटी खूण, सगळं सांगितलं. कोणाला फारसं कळलं नाही. आईने चहा ओतला. मला वाटलं होतं सांगून मोकळं वाटेल, पण रिमोट कोणी हिसकावला, हा भाग त्यात नव्हता.

परतीच्या वाटेवर तलासरीचा नाका सोडल्यावर माझ्या डोक्यात ते आलं. अंगठा शेवटी सुटला होता. दोन वर्षं ज्या पकडीसाठी मी चेंडू, परात, वीस मिनिटं असं सगळं लिहीत होते, ती पकड त्या बोटांत होती, आणि ती मीच सोडवली होती. आरशात पाहिलं. मागच्या सीटवर बाबांचे डोळे मिटलेले होते. पंच्याखाली काय चाललंय ते दिसत नव्हतं.

घरी आल्यावर नवी यादी केली. पंख्यातलं गवत काढणे: झालं. डबा कोरडा करणे: झालं. आईला दुसरा डबा: झालं. काकांना फोन: झाला, ते अजून स्वतःलाच शिव्या देतायत. वेगाची दांडी शून्यावर ठेवून पुन्हा बाइंड करणे, मग रिमोट बंद करून मोटर थांबते का, ते खरोखर तपासणे.

या शेवटच्या ओळीला दोन हात लागतात. एकाने बटण दाबून धरायचं, दुसऱ्याने खटका. ओळीपुढे मी बाबांचं नाव घातलं आणि त्यांना तसं सांगितलं. काकांना मदत करायची बंदी घातली. मी स्वतः केलं तर चहा गाळायच्या आत होईल.

बाबा "बघू" म्हणाले.

त्याला तीन रविवार झाले. होडी जेवणाच्या टेबलावर आहे, तिच्या कडेने आम्ही ताटं मांडतो. परवा रिमोट जागेवरून हललेला दिसला, पण तो पुसताना आईनेही हलवला असेल. मी विचारलं नाही. विचारायलाही आता जोर लागतो. वहीत ती ओळ रोज नव्या पानावर उतरवून घेते. पुढची जागा कोरी आहे.