कालव्याकाठचं गोदाम

कालवा खोदताना बांधलेलं सिमेंटचं गोदाम आमच्या गावाबाहेर पडीक होतं. गावातल्या पोरी आणि मी मिळून त्यातली वटवाघळांची घाण उपसली, लाल माती पसरली आणि आखाडा केला. लग्नाआधी मी कुस्ती खेळायचे, म्हणून शिकवायला मीच.

गेल्या वर्षी पाटबंधारे खात्याचे एक साहेब ठेकेदाराला घेऊन आले. आत दोघी पोरी झुंजत होत्या. त्यांच्याकडं बघतच साहेब म्हणाले, "बिलकुल रिकामं पडलंय. इथं हॉटेल झकास चालेल."

"मंग ह्या कोण हायेत, साहेब?" मी विचारलं.

"बाई, पोरींना कुठंही खेळता येतं."

थोड्याच दिवसांत दाराला कुलूप लागलं. आमची माती त्यांनी कालव्यात ढकलली. मी ग्रामसभेत भांडले, तहसीलला खेटे घातले, पण कुणी ऐकलं नाही.

हॉटेल सुरू झाल्यावर मी मुद्दाम गेले. भिंतीवर शोभेसाठी आमच्याच पोरींचा, आखाड्यात राहून गेलेला कुस्तीचा फोटो टांगला होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खुर्चीवर चढून मी तो उतरवला आणि काखोटीला मारून निघाले.

"ताई, फोटो हॉटेलचा हाय," मॅनेजर म्हणाला.

मी थांबलेच नाही. आता पोरी माझ्या शेतात खेळतात, ढेकळांत गुडघे फोडून घेतात. ते गुडघे बघितले की माझं डोकं पुन्हा तापतं.