तुमचे देव किती?

आनंदाबाई उईके बोलायला लागल्या की समोरच्यानं मुकाट ऐकावं, हे तळेगावजवळच्या त्या गोंडांच्या छोट्या वस्तीत, टोलीत, साऱ्यांना ठाऊक होतं. टोलीतल्या त्या पहिल्या शिकलेल्या बाई आणि शाळेत माझ्या सहकारी. देवाचं सारं करणारा भुमका, म्हातारा नत्थू मडावी, तेवढा त्यांना बधत नसे.

शहाण्णव साली त्यानं आपल्या बिनमायबापाच्या नातीला, अंजूला, चौथीतून काढून घरी बसवलं. "शाळा शिकलं का लेकरू आपले देव इसरते," म्हणाला.

"मंग तुमीच येजा दर शनिवारी शिकवाले," बाई म्हणाल्या. "अंजू इसरली, त घेऊन जाजा घरी."

म्हातारा खरंच आला. मी कपाळावर हात मारला. आधीच पोरांचे पाढे कच्चे, त्यात हे! पण पोरं पाढ्यांसारखंच म्हणू लागली: कोणत्या आडनावाचे देव चार, कोणाचे पाच, सहा, सात. देव सारखे असले की आडनावं निराळी असली तरी ते भाऊबंद. त्यांच्यात सोयरीक होत नाही. अंजूची शाळा पुन्हा सुरू झाली.

पुढे ती सेवाग्रामला नर्सिंगला गेली. दुसऱ्या वर्षी दिवाळीला घरी आली, तर ओट्यावर पाहुणे बसलेले. मुलगा मरसकोल्हे आडनावाचा, पक्क्या नोकरीतला. नत्थू पुरता हुरळला होता. "झालं तेवढं शिक्षण बस," म्हणाला. अंजूनं बाईंना बोलावणं धाडलं. मीही गेलो, फुकटचा चहा कोण सोडतो? पण बाई नुसत्याच बसून राहिल्या. चांगली शिकती पोर हातची जाणार!

अंजूनं चहाचा ट्रे खाली ठेवला.

"काकाजी, तुमचे देव किती?"

"सात," मुलाचा बाप म्हणाला.

"आमीबी सातदेवे. मंग हा त माहा भाऊ झाला."

नोकरीच्या नादात खुद्द भुमकाच विचारायचं विसरला होता! मला हसू आवरेना, आणि पोरीचा अभिमानही मावेना. पाहुणे समजूतदार निघाले. भाऊबंद म्हणून जेवूनच गेले.

"काऊन हो, इसरली काय पोरगी?" बाईंनी आता कुठं तोंड उघडलं.

सुट्टी संपली तेव्हा अंजूची पेटी डोक्यावर घेऊन नत्थूच एसटीच्या थांब्यावर आला. गाडी सुटल्यावर मला म्हणाला, "मास्तर, शनिवारी येतो शाळेत. आता पोराइसंगं मलेबी देव म्हणा लागन."